मोबाइलच्या लहरींचा हिशेब: फोन सुरक्षित कसा वापरावा

सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या टॉवरचा विषय निघाला की पाऊण तास कुठे जातो कळत नाही. चिमण्या गेल्या, झोप उडाली, बी विंगमध्ये कुणाला तरी काय झालं, सगळं टॉवरच्या माथी. त्याच सभेतले दोघंतिघं मात्र खाली जिन्यापाशी, जिथे रेंजची बोंब असते तिथे, फोन कानाला दाबून बोलत उभे असतात. आपल्या अंगात रेडिओलहरी कुठून किती जातात याचा हिशेब मांडला, तर बहुतेकांच्या यादीत टॉवर खूप खाली येतो. सगळ्यात वर असतो कानाला लावलेला आपलाच फोन, आणि त्यातही रेंज नसलेल्या जागी लावलेला.

आधी भीतीचं बघू

मोबाइल चालतो रेडिओलहरींवर. भारतात त्यासाठी साधारण ७०० ते ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे वापरात आहेत; १ ऑक्टोबर २०२२ला ५जी सुरू झाल्यापासून त्यात २६ गिगाहर्ट्झचीही भर पडली. क्ष-किरण पेशीतले रेणू तोडू शकतात, कारण त्यांच्या प्रत्येक कणात तेवढी ऊर्जा असते. नेहमीच्या मोबाइल लहरींची ताकद त्या पासंगालाही पुरत नाही. साध्या दिव्याच्या उजेडाच्या कणातसुद्धा त्यांच्यापेक्षा लाखाहून जास्त पट ऊर्जा असते. या लहरींचा शरीरावर नक्की माहीत असलेला परिणाम म्हणजे ऊतक किंचित तापणं, आणि सगळ्या सरकारी मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. अर्धा तास बोलल्यावर कान गरम होतो तो लहरींमुळे नाही. बॅटरी आणि प्रोसेसर तापतात, काच कानाला चिकटलेली असते, वारा लागत नाही, म्हणून कान तापतो. ४जी फोन पुऱ्या जोरात असतानाही बाहेर फेकतो ती शक्ती ०.२ वॅटच्या आसपास असते.

मग कर्करोगाचं काय? मे २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘२ब’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’. ती बातमी अजून व्हॉट्सअॅपवर ताजी म्हणून फिरते. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे मात्र कुणी पुढे पाठवत नाही. हा गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे एवढंच. धोका किती मोठा, हे त्यावरून कळत नाही. पुढे २०२४मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा आला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास त्यात तपासले होते. मोबाइल वापरणं आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त काळ वापरणाऱ्यांतही नाही.

दुसरी बाजूही सांगतो. २०१८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने उंदरांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष दिले, त्यात नर उंदरांच्या हृदयात एका प्रकारच्या गाठी जास्त दिसल्या. पण त्या उंदरांच्या सबंध शरीरावर रोज नऊ तास, दोन वर्षं, माणसाला फोनवरून कधी मिळणार नाही इतका मारा केला होता. आणि गंमत म्हणजे लहरी खाल्लेले नर उंदीर न खाल्लेल्यांपेक्षा जास्त जगले. याचा अर्थ कसा लावायचा, यावर तज्ज्ञांचं अजून चालू आहे.

माझं मत विचाराल तर घाबरून फोन सोडावा असं यात काही नाही. पण ज्या काळजीला पैसा लागत नाही आणि त्रासही होत नाही, ती न घेण्याचंही कारण नाही. पुढच्या पायऱ्या तेवढ्याच आहेत.

पायरी १: फोनचा आकडा बघा, पण त्याला डोक्यावर घेऊ नका

डायल पॅडवर *#०७# दाबा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनांवर लगेच दोन आकडे दिसतात, एक डोक्यासाठी, एक शरीरासाठी. हा एसएआर: एक किलो ऊतकात किती वॅट शोषले जातात त्याचं माप. १ सप्टेंबर २०१२पासून आपल्याकडे मर्यादा आहे किलोमागे १.६ वॅट, एक ग्रॅम ऊतकावरची सरासरी धरून. त्याआधी ती दहा ग्रॅमवर २ वॅट होती, म्हणजे सैल होती. फोनवर काही दिसलं नाही तर सेटिंग्जमध्ये ‘रेग्युलेटरी’ किंवा ‘लीगल’ नावाखाली किंवा खोक्यातल्या पत्रकात आकडा सापडतो.

०.६ चा फोन १.२ च्या फोनपेक्षा निम्मा घातक, असं दुकानदार सांगेल. तसं नाही. हा आकडा फोनला पुऱ्या जोरात चालवून, द्रव भरलेल्या पुतळ्याच्या डोक्याशी धरून मोजलेला असतो. रोजच्या वापरात फोन पुऱ्या जोरात क्वचितच चालतो, आणि त्याचा जोर कमीजास्त होतो तो दुपटीतिपटीने नाही, हजारो पटींनी. म्हणून नुसत्या या आकड्यासाठी फोन बदलू नका. मर्यादेच्या आत आहे ना, झालं.

शरीरासाठीच्या आकड्याची मेख वेगळीच आहे. ती चाचणी बहुधा फोन अंगापासून ५ ते १५ मिलिमीटर लांब धरून करतात. आपण मात्र तो सदऱ्याच्या खिशात, पँटच्या पुढच्या खिशात, ब्लाउजमध्ये, म्हणजे जवळजवळ कातडीला लावूनच ठेवतो. सप्टेंबर २०२३मध्ये फ्रान्सने आयफोन १२ची विक्री थांबवली ती अशाच एका चाचणीवरून. फोन हातात किंवा खिशात अगदी अंगालगत धरून मोजल्यावर, तिकडे हातापायांसाठी असलेल्या किलोमागे ४ वॅटच्या मर्यादेऐवजी ५.७४ निघाले. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ते प्रकरण मिटवलं. आपण यातून घ्यायचं ते एवढंच: डेटा चालू असलेला फोन तासन्‌तास अंगाला चिकटवून ठेवू नका. पिशवी आहे, पर्स आहे, टेबल आहे.

पायरी २: रेंज मोजायला शिका

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

फोन आणि टॉवर यांच्यात सतत वाटाघाटी चालू असतात. टॉवरला फोनचा आवाज नीट पोचत असेल तर टॉवर म्हणतो, हळू बोल. पोचत नसेल तर म्हणतो, मोठ्याने. जत्रेत हरवलेल्या पोराला हाक मारणाऱ्या बापासारखा फोन मग सगळा जोर लावतो, आणि त्या वेळी तो आपल्या कानाला लावलेला असतो. टॉवर जवळ असताना हाच फोन एका मिलिवॅटच्याही बारक्या अंशावर भागवतो.

वरच्या कोपऱ्यातल्या कांड्यांवर फार विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या सोयीने दाखवते. खरा आकडा असा बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग ‘अबाउट फोन’, मग ‘स्टेटस’ किंवा ‘सिम स्टेटस’, तिथे ‘सिग्नल स्ट्रेंथ’. आयफोनवर डायल पॅडवर *३००१#१२३४५#* लावा. आकडा उणे असतो आणि पुढे ‘डीबीएम’ लिहिलेलं असतं. उणे ८०च्या आसपास म्हणजे झकास, उणे १००पर्यंत ठीक, उणे ११०च्या पलीकडे फोन मेटाकुटीला आलेला असतो.

आता तो आकडा उघडा ठेवून घरभर फिरा. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीपाशी उणे ११२ दिसतो आणि गॅलरीत उणे ८८. चोवीसचाच फरक दिसतो, पण या मापात दर दहाला दहापट होतात. म्हणजे गॅलरीतला सिग्नल अडीचशे पट ताकदीचा. ओट्यापाशी भाजी परतता परतता बहिणीशी चाळीस मिनिटं बोलायचं की गॅलरीत जाऊन, याचं उत्तर त्या आकड्यातच आहे. कोकणात जांभ्याच्या जाड भिंतींच्या माजघरात आणि पुढच्या पडवीत असाच फरक दिसेल. बघा करून.

रेंज मरणाऱ्या जागा ठरलेल्या असतात: लिफ्ट, तळघरातलं पार्किंग, घाटातली एसटी, रेल्वेचा लोखंडी डबा. कोकण रेल्वेवर करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली की काही जण ‘हॅलो, हॅलो’ करत फोन कानात आणखी खुपसतात. अशा ठिकाणी फोन ठेवून द्या, बाहेर आल्यावर लावा. अगदीच गरज असली तर मेसेज पाठवा. तेव्हा फोन निदान डोक्यापासून हातभर लांब असतो.

पायरी ३: चार बोटांचं अंतर

लहरी पसरत जातात तशा पातळ होतात. ढोबळ नियम असा, की अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाई. टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलणं म्हणूनच सगळ्यात सोपं, फक्त लोकलमध्ये ते करू नका. तिथे लहरींआधी सहप्रवासीच जीव घेतील. वायरचा इअरफोन असेल तर उत्तम. ब्लूटूथचे कानातले बुंदेही चालतात, त्यांची शक्ती सहसा काही मिलिवॅटच असते. मात्र इअरफोन लावून फोन छातीच्या खिशात ठेवला, तर डोक्यावरचं ओझं छातीवर आलं एवढंच.

कानाला लावूनच बोलायची सवय असेल, तर निदान पलीकडची रिंग वाजेपर्यंत थांबा. विशेषतः २जीवर जोडणी होतानाच फोन जास्तीत जास्त जोर लावतो.

पायरी ४: २जीतून बाहेर पडा

हे फारसं कुणी सांगत नाही. २जीचा फोन ९०० मेगाहर्ट्झवर बोलताना २ वॅटपर्यंत जोर लावू शकतो. तो वेळेच्या आठ कप्प्यांतल्या एकाच कप्प्यात बोलतो, म्हणून सरासरी पाव वॅट पडते. शिवाय त्याला जोर आवरता घेणं ४जीइतकं नीट जमत नाही. त्यामुळे आजीसाठी ‘साधा बटणांचा फोन, त्यात लहरी कमी’ म्हणून घेतलेला जुना २जी हँडसेट प्रत्यक्षात नातवाच्या स्मार्टफोनपेक्षा जास्त लहरी टाकत असण्याची शक्यता आहे. ४जीवर चालणारे बटणांचे फोन मिळतात, ते घ्या.

स्मार्टफोनमध्ये ‘व्होल्टे’, म्हणजे ४जीवरूनच बोलण्याची सोय, चालू आहे ना, एवढं पाहा. नव्या अँड्रॉइड फोनांत सिमच्या सेटिंग्जमध्ये ‘अलाऊ २जी’ असा खटका असतो, शहरात राहत असाल तर तो बंद करून टाका. त्याने खोट्या टॉवरवरून येणारे फसवे मेसेजही टळतात. गावाकडे २जीशिवाय रेंजच नसेल तर मात्र चालू राहू द्या, आडवेळेला फोन लागणं जास्त महत्त्वाचं. आणि घरात वायफाय आहे पण मोबाइलची रेंज नाही, अशी स्थिती असेल तर ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. मग फोन लांबच्या टॉवरऐवजी दहा फुटांवरच्या राउटरशी बोलतो.

पायरी ५: लहान मुलं, पेसमेकर आणि उशाशी फोन

मुलांची कवटी पातळ असते, डोकं लहान असतं, त्यामुळे लहरी थोड्या जास्त खोल जातात. त्यांनी कानाला लावून लांबलचक बोलू नये, इतकी काळजी पुरे. जेवताना गाणी बघितल्याशिवाय घास घेत नाही अशा पोरासाठी गाणी आधी उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. वायफाय आणि ब्लूटूथही बंद झालं आहे ना ते बघा, हल्ली फ्लाइट मोडमध्ये ते कधीकधी चालूच राहतं. स्क्रीनमुळे जाणारी झोप हा निराळाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते लहरींपेक्षा मोठा.

फोन नुसता खिशात असला तरी लहरी टाकतो, ते जुन्नर तालुक्यात खोडदला गेलात की कळतं. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, आणि आवारात फोन बंद करायला लावतात. तो नियम माणसांच्या आरोग्यासाठी नाही. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की खिशातल्या फोनच्या गोंगाटात त्या बुडून जातात.

पेसमेकर किंवा तसं दुसरं यंत्र बसवलेलं असेल तर फोन त्यापासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवा, यंत्राच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावा, आणि वरच्या खिशात कधीच ठेवू नका. मागे लोहचुंबक असलेले फोन आणि चार्जर आता सर्रास मिळतात. त्यांच्या बाबतीत लहरींपेक्षा चुंबकाची काळजी जास्त करायची. वायरलेस चार्जिंग चालू असताना अंतर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवा.

रात्री फोन उशाखाली नको. पडल्या पडल्या फोन टॉवरशी अधूनमधूनच बोलतो, तेव्हा लहरींचा हिशेब फार नाही. पण चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली गुदमरून तापतो, आणि बॅटरीने पेट घेतला तर तिथे कापूसच कापूस. हातभर लांबच्या स्टुलावर ठेवा.

पायरी ६: पैसे वाचवा

फोनच्या मागे चिकटवायचे ‘अँटी-रेडिएशन’ स्टिकर, चिप, लॉकेट घेऊ नका. तर्क साधा आहे. ते लहरी खरंच अडवत असेल तर सिग्नल खराब होईल आणि फोन आणखी जोर लावेल. अडवत नसेल तर पैसे वाया. ऑक्टोबर २०२०मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप दाखवून तिने लहरी कमी होतात असा दावा केला, तेव्हा देशातल्या शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. नेदरलँड्समध्ये तर कहर झाला. डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ‘५जीपासून संरक्षण’ म्हणून विकली जाणारी लॉकेटं, कडी वगैरे तपासली, तेव्हा त्यातल्या दहा वस्तू स्वतःच किरणोत्सारी निघाल्या.

मधेच, खऱ्या अपघातांबद्दल

फोनमुळे माणसं खरोखर मरतात ती रस्त्यावर. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हेल्मेटमध्ये फोन खुपसून जाणाऱ्या स्कूटरवाल्याला एसएआर समजावून काय उपयोग?

आणि वीज. मोबाइल वीज ओढून घेतो ही समजूत मराठवाडा-विदर्भात घट्ट आहे. खिशातला फोन वीज ओढत नाही. माणसाला मारतं ते उघड्या रानात किंवा झाडाखाली उभं राहणं. चार्जरच्या वायरला जोडलेला फोन मात्र गडगडाटात हातात धरू नका, कारण वायरीतून विजेचा झटका येऊ शकतो. उलट फोन चालूच ठेवा आणि त्यात ‘दामिनी’ अॅप घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं हे अॅप आसपास वीज पडत असेल तर आधी इशारा देतं.

पायरी ७: तरीही टॉवरची शंका असेल तर

आधी थोडा हिशेब. टॉवरवरचा एक प्रक्षेपक २० वॅटचा धरा आणि अँटेना ती शक्ती समोरच्या दिशेला पन्नासपट एकवटते असं धरा. बरोबर झोतात, १०० मीटरवर उभं राहिलात तर दर चौरस मीटरला ०.००८ वॅट पडतात. ९०० मेगाहर्ट्झसाठी भारताने सप्टेंबर २०१२मध्ये मुद्दाम कडक करून घातलेली मर्यादा ०.४५ वॅट होती, म्हणजे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश. एका टॉवरवर तीनचार कंपन्या असतील तर बेरीज करायची, तरी बराच वाव उरतो. अँटेनाचा झोत दूरवर, जवळजवळ आडवा जातो, त्यामुळे थेट टॉवरखाली राहणाऱ्यांना तो कमी लागतो. बघायचं ते समोरच्या इमारतीकडे: अँटेनाच्याच उंचीवर, अगदी जवळ, तिच्या तोंडासमोर कुणाची खिडकी येते का? तशी येत असेल तर शंका रास्त आहे, तपासणी मागा.

त्यासाठी दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ नावाचं पोर्टल २०१७पासून आहे. तिथे आपला पत्ता टाकला की आसपासचे टॉवर नकाशावर दिसतात आणि ते नियमात बसतात का तेही कळतं. प्रत्यक्ष मोजणी हवी असेल तर शुल्क भरून मागणी नोंदवता येते. पोर्टल सुरू झालं तेव्हा ते ४,००० रुपये होतं. मोजणी विभागाचे लोक येऊन करतात. सोसायटीने वर्गणी काढली तर माणशी शंभर रुपयेही पडत नाहीत, आणि सभेतला पाऊण तास वाचतो. मुंबईचं दूरसंचार मंडळ वेगळं आहे. बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा एका मंडळात येतात.

टॉवर हटवण्याचा ठराव करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. तो गेला की इमारतीतल्या प्रत्येक फोनला लांबच्या टॉवरशी बोलावं लागेल, म्हणजे दुसऱ्या पायरीतला आकडा प्रत्येक घरात उणे ११०कडे सरकेल.

आणि टॉवर नको म्हणणाऱ्यांइतकेच टॉवर हवा म्हणणारेही अडकतात. ‘तुमच्या गच्चीवर किंवा शेतात टॉवर बसवा, महिना लाखभर भाडं, ट्रायचं ना-हरकत प्रमाणपत्र सोबत’ असे मेसेज गावोगाव फिरतात. टॉवरसाठी ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, असं कोणतंही प्रमाणपत्र देत नाही, आणि खरी कंपनी जागामालकाकडून आगाऊ पैसे मागत नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.